पुण्याच्या विमानासाठी मुंबईची नोटीस

पहाटे ५.००

मुंबईत गुरुवार उजाडायचा आहे आणि माझ्या पडद्यावरच्या घड्याळात अजून बुधवारचे २३.३० वाजलेत. विमानांचं सगळं जग युटीसीवर चालतं, आपल्या साडेपाच तास मागे. मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कुठल्या वाटेने जाणार, किती इंधन घेणार, ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठे वळणार, याचा आराखडा आम्ही करतो. त्याला हवामान आणि नोटॅम जोडून वैमानिकाकडे पाठवतो. नोटॅम म्हणजे धावपट्ट्या, दिवे, दिशादर्शक यंत्रणा, हवाई हद्द यांत जे काही तात्पुरतं बदललंय त्याची सूचना. भारतात त्या विमानतळ प्राधिकरण काढतं.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा सरल्यावर, मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ अशा देखभालीसाठी बंद ठेवतात. आज तो दिवस आहे. सूचना काही महिने आधीच येते, त्यामुळे मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या आमच्या विमानांच्या वेळा केव्हाच बदलून झाल्यात. मला आज धास्ती आहे ती मुंबईशी वरवर काही संबंध नसलेल्या विमानांची.

५.२०

मूळ सूचना उघडून वाचते. सारांशावर मी कधीच विसंबत नाही. पहिल्याच ओळीत क्यूएमआरएलसी हा संकेत आहे: एमआर म्हणजे धावपट्टी, एलसी म्हणजे बंद. पुढे वेळ, ०५३० ते ११३०. ही अर्थातच युटीसी. हे प्रत्येक वैमानिकाला पाढ्यासारखं पाठ असतं. पण पहाटे तीनला उठून कामावर आलेल्या माणसाचे डोळे ०५३० ला सकाळचे साडेपाच समजू शकतात, आणि मग दुपारी बारा वाजता मुंबई उघडी आहे असा समज मनात बसतो. म्हणून माझ्या प्रत्येक शेऱ्यात दोन्ही वेळा असतात. कंपनीचा तसा नियम नाही, माझा आहे.

६.१०

दिल्ली ते पुणे. सुटणार ९.१० ला, पोहोचणार ११.२० ला. या मार्गाला सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे मुंबई हा अल्टरनेट, म्हणजे पर्यायी विमानतळ, घेऊन ठेवलाय. पुणे नाही तर मुंबई, हे सगळ्यांच्याच हाडीमाशी खिळलंय. आणि पुण्यात ती पाळी येऊ शकते. लोहगावचा तळ हवाई दलाचा, धावपट्टी एकच. पुढच्या विमानाचा टायर फुटला तरी मागच्यांना वळावं लागतं. आज ११.२० ला वळलेल्या विमानाला मुंबईत सापडतील धावपट्टीवर उभ्या असलेल्या गाड्या आणि माणसं.

मुंबई काढली. मग गोवा. पण गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा, आणि त्यांच्या संकेतांत एका अक्षराचा फरक: दाबोळी व्हीओजीओ, मोपा व्हीओजीए. दाबोळी नौदलाचा तळ आहे, तिथे कामाच्या दिवशी सकाळी नौदलाच्या उड्डाणांमुळे नागरी विमानांवर बंधनं असतात. म्हणून मोपा. टाइप केल्यावर ते शेवटचं अक्षर मी बोट ठेवून तपासते. मुंबईपेक्षा मोपा लांब, तेव्हा साधारण सहा-सातशे किलो इंधन जास्त.

७.००

आराखडा पाठवण्याआधी पहिल्या पानावर शेरा लिहायचा. मी तीन ओळींच्या पुढे जात नाही. आज पहिली ओळ अशी: मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या ११.०० ते १७.०० भारतीय वेळ, ०५३० ते ११३० युटीसी, बंद. अल्टरनेट मोपा, दाबोळी नाही.

मुंबईची सूचना आतल्या पानांवर आहेच. मग वर परत कशाला, असं नवीन आलेली मुलं विचारतात. त्यांना मी सॅन फ्रान्सिस्को सांगते. ७ जुलै २०१७ च्या रात्री टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं एअरबस ए-३२० तिथे उतरत होतं. शेजारशेजारच्या दोन धावपट्ट्यांपैकी डावी बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना दोन्ही चालू असल्यासारखंच वाटत होतं, म्हणून त्यांनी दिवे असलेली उजवी धावपट्टी ही डावी मानली आणि तिच्या उजवीकडचा टॅक्सीवे हीच आपली धावपट्टी समजून तिकडे विमान आणलं. त्या टॅक्सीवेवर चार भरलेली विमानं उड्डाणाच्या रांगेत उभी होती. शेवटच्या काही सेकंदांत विमान वर उचललं गेलं, तेव्हा ते जमिनीपासून जेमतेम साठ फुटांवर आलं होतं.

डावी धावपट्टी बंद असल्याची सूचना त्यांच्या कागदांत होती. २७ पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, अहवालात नोटॅमच्या मांडणीवरच बोट ठेवलं आणि मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, रॉबर्ट समवॉल्ट यांनी, या सूचनांच्या ढिगाला जाहीरपणे कचरा म्हटलं. शब्द कडक आहे, पण मला तो पटतो. क्रेनवरचा दिवा, वाढलेलं गवत, टॅक्सीवेची बदललेली खूण आणि बंद धावपट्टी, सगळं एकाच टायपात, एकाच आवाजात. उड्डाणाआधीच्या थोड्याशा वेळात हवामान, इंधन, विमानातले दोष आणि हे सगळं पाहणाऱ्या माणसाला त्यातलं एक वाक्य निसटलं तर मी दोष आधी गठ्ठा बांधणाऱ्याला देईन. म्हणजे मला.

८.१५

दिल्लीहून फोन. कॅप्टन नागपूरचे, आवाज ओळखीचा.

"मॅडम, गुड मॉर्निंग. पुण्याला मोपा दिलंय?"

"हो सर. मुंबई अकरा ते पाच बंद. शेरा पहिल्या पानावर आहे."

"तो वाचला, म्हणूनच फोन केला. दोन्ही रनवे? चौदा-बत्तीससुद्धा?"

"दोन्ही, सर. शून्य-नऊ-सत्तावीस पण."

"म्हणजे वळायचं तर लांब जावं लागणार. पुण्यावर घिरट्या घालत थांबावं लागलं तर? अजून तीनशे किलो लावा."

लावले. इंधनावर शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो आणि तो असावाच. पूर्वी वैमानिक ब्रीफिंगच्या टेबलाशी यायचे, समोरासमोर बोलणं व्हायचं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की मुद्दा पोहोचला की नाही. आता सगळं टॅब्लेटवर जातं आणि बोट लावून मान्य होतं. म्हणून असा फोन आला की मला फार बरं वाटतं. वैमानिकाने माझ्यावर भरवसा ठेवावा तो असा, विचारून.

१०.००

चेन्नई ते पोर्ट ब्लेअर. बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र चाचणीसाठी धोक्याचं क्षेत्र जाहीर झालंय. ही सूचना कुठल्याच विमानतळाच्या नावाखाली येत नाही, हवाई हद्दीच्या यादीत येते, आणि अक्षांश-रेखांशांच्या ओळीच्या ओळी असतात. कॉकपिटमध्ये बसून त्या आकड्यांचा आकार डोळ्यांसमोर आणणं अवघड. मी नकाशावर टाकते. आमची वाट बाहेरून जाते. शेऱ्यात एक ओळ, पुढचं काम.

११.००

मुंबई बंद. पडद्यावर शहरावरचं आकाश रिकामं. वीस मिनिटांनी पुण्याचं विमानही वेळेवर उतरलं.

१२.२०

एका विमानतळाची नवी सूचना आली: उतरताना कोन दाखवणारे पापी दिवे नादुरुस्त. आमचं तिथे जाणारं विमान अर्ध्या तासापूर्वीच उडालंय, त्याच्या कागदांत हे नाही. एकार्सवर, म्हणजे उडत्या विमानाला लेखी निरोप देणाऱ्या यंत्रणेवर, संदेश धाडला, पोच आली, वेळ नोंदवली. ब्रीफिंग कितीही नीट केलं तरी ते तयार झालं त्या मिनिटापुरतं खरं असतं. ११ जानेवारी २०२३ ला अमेरिकेची नोटॅम यंत्रणाच कोलमडली, तेव्हा तिथल्या विमान प्रशासनाने देशभरची देशांतर्गत उड्डाणं सकाळी काही काळ रोखली. विमानं धडधाकट होती, हवा अडवत नव्हती. फक्त नव्या सूचना पोहोचत नव्हत्या. लोकांनी विलंबावरून खूप त्रागा केला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

१३.४०

दुपारच्या पाळीचा सहकारी आलाय. सूचनेत पाचला उघडणार असं लिहिलंय, आणि ५.०५ ला मुंबईत उतरणारी आमची दोन विमानं आहेत. काम लांबलं तर नवी सूचना निघेल, पण तोवर ती हवेत असतील. दोघांना वीस मिनिटं घिरट्यांचं इंधन लावून ठेवलंय.

"अहमदाबादहून येणाऱ्यालापण?" त्याने विचारलं.

"त्यालापण. आणि साडेचारला टॉवरला फोन कर. काम संपत आलंय का ते त्यांच्या तोंडून ऐक, मगच त्या दोघांना कळव."

त्याने वहीत ४.३० लिहिलं, बाजूला ११०० युटीसी.