मुखाने पक्षिस्वरांचे अनुकरण

पावसाळ्याच्या तोंडावर पावशा पक्षी ओरडू लागला म्हणजे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला त्याच्या स्वरात ‘पेर्ते व्हा’ असा आदेश ऐकू येतो. हिंदी भाषकांना तोच पक्षी ‘पी कहाँ’ असे विचारतो, तर इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’ हे मेंदूच्या तापाचे नाव ऐकू आले. अशा शब्दांमुळे आवाज ओळखता येतो. परंतु ज्याला तो मुखाने काढावयाचा आहे, त्याने हे शब्द विसरून केवळ स्वरांचा चढउतार ऐकला पाहिजे.

मनुष्याचे स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाशी असते. पक्ष्याचे ध्वनियंत्र, ज्यास शब्दिनी म्हणतात, ते तिच्या तळाशी, जेथे तिला दोन शाखा फुटतात तेथे असते. अनेक गाणाऱ्या पक्ष्यांत शब्दिनीच्या दोन बाजू स्वतंत्रपणे कंप पावतात व एकाच वेळी दोन स्वर निघू शकतात. मनुष्याचा घसा याची बरोबरी करू शकत नाही. म्हणून नवशिक्याने एकेरी, स्वच्छ स्वराचा पक्षी निवडावा आणि शिळेचा आश्रय घ्यावा.

‘ऊ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल करून हलकेच फुंकर घातली की मुखातील पोकळी घुमून शीळ उमटते. ओठ तसेच ठेवून जीभ ‘ई’ म्हणताना जाते तशी वर व पुढे नेली की पोकळी लहान होऊन स्वर चढतो; जीभ मागे घेतली की उतरतो. पावशाची हाक प्रत्येक आवृत्तीस थोडी उंच होत जाते आणि टिपेला पोचताच एकाएकी तुटते. प्रथम ताल, मग चढ आणि शेवटी आवाजाचा पोत, असा अभ्यासाचा क्रम ठेवावा.

पशूंच्या हाका बहुधा घशातून काढाव्या लागतात. नोव्हेंबर १९३८ मध्ये कुमाऊँमधील ठाक गावाजवळ जिम कॉर्बेट यांनी नर वाघाची हाक काढली. जोडीदार शोधणारी नरभक्षक वाघीण त्या हाकेमागे आली आणि मारली गेली. फासेपारधीही तित्तराला त्याच्याच आवाजाने फाशाकडे आणीत. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला, अशा समजुतीने नर धावून येई.

वन्य जीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आज अशी शिकार हा गुन्हा आहे. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी समाजातील काही तरुण हीच विद्या वाटाडे म्हणून पाहुण्यांना दाखवितात. तथापि शस्त्रावाचूनही खोटी हाक अपाय करू शकते. तिला उत्तर देण्यात पक्ष्याचा चरण्याचा व पिलांच्या राखणीचा वेळ खर्ची पडतो. म्हणून विणीच्या काळात घरट्याजवळ हाक काढू नये आणि पक्ष्याने एकदा उत्तर दिले की थांबावे. उत्तर मिळाले, म्हणजे अनुकरण साधले. त्यापुढे ऐकणे हेच अभ्यासकाचे काम आहे.