फोटोग्राफी क्लबला जावं की नाही?

मी कापूरहोळचा. पुण्यातल्या एका फोटोग्राफी क्लबात नाव घालायचं की नाही, यावर मी महिनाभर अडकलो होतो. मोबाईल आहे, यूट्यूब आहे, इन्स्टावर लाइक येतात. मग रविवार एसटीत कशाला घालवायचा? वर वर्गणीही भरायची!

शेवटी पाहुणा म्हणून एका बैठकीला गेलो. सोबत भातलावणीचा फोटो, माझा एकदम लाडका. एका काकांनी बघितला आणि विचारलं, "अर्धा फोटो आभाळच आहे. लावणी करणारे हात कुठायत?" राग आला. पण परतताना नीट पाहिलं, तर बायका खरंच मुंगीएवढ्या दिसत होत्या. लाइक देणाऱ्या कुणीच हे बोललं नव्हतं.

क्लब त्यासाठीच असतो. आणि ही गोष्ट जुनी आहे बरं का. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची, आणि मुंबईची १८५४ ची! डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते.

तुम्हीही अडकला असाल, तर आधी एक बैठक बघा. तिथे फोटोवर बोलतात की कॅमेऱ्याच्या किमतीवर? मोबाईलवाल्याचा फोटो तेवढ्याच मनापासून बघतात का? फोटोत काय चुकलं, ते कारणासकट सांगतात का? उत्तरं पटली तरच वर्गणी भरा.

मी भरली. परवा त्याच खाचरात परत गेलो, या वेळी बांधावर न थांबता चिखलात उतरलो. भेटू पुढच्या भागात!