ढग किती वर आहेत गं?

मैत्रिणींनो, आभाळ भरून आलं की आपल्याला आधी गच्चीवरचे पापड आठवतात. ढग किती उंचावर आहेत, याच्याशी आपलं काय काम? मलाही असंच वाटायचं.

मृगातल्या एका सकाळची गोष्ट. रात्रीच्या वादळात पिंप्राळा शिवारातल्या एका दादांची केळी आडवी झाली होती. वरून फोटो काढायला त्यांनी आमच्या बचत गटातल्या मुलीला बोलावलं. ड्रोनचं रीतसर शिक्षण घेतलेल्या तिचं हे पहिलंच कमाईचं काम. सोबतीला मी गेले.

दादांना घाई. "ढग कुठे आडवे येताहेत? चांगले वर आहेत की!" ती मात्र मोबाइलवर हवामान बघत होती. तापमान २५, दवबिंदू २४. म्हणाली, "काका, ढग सव्वाशे मीटरवरच असतील. आत्ता नको."

मग तिनं मला हिशेब सांगितला. हवा जितकी थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, तो दवबिंदू. वर जाणारी हवा थंड होत जाते आणि दर सव्वाशे मीटरला तापमान अन् दवबिंदू यांतलं अंतर साधारण एका अंशाने घटतं. दोन्ही जुळले की ढग! म्हणून फरकाला १२५ने गुणायचं. पावसाळी आभाळात हा अंदाजच; डोळ्यांनी खात्री करायचीच.

आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ड्रोन १२० मीटरपर्यंतच नेता येतो. अमेरिकेत तर ढगाखाली सुमारे १५० मीटर अंतर राखावं लागतं. ढगात शिरलेला ड्रोन दिसेनासा होतो, ओला होतो, आणि पडला तर खाली कोण असेल सांगता येतं का?

दादा कुरकुरले, "दुसऱ्याला बोलावतो." पोरीचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. दुपारी तीनला ऊन पडलं. तापमान ३३, दवबिंदू २५. आठ गुणिले १२५, म्हणजे हजार मीटर! ड्रोन उडाला, फोटो मिळाले, दादाही हसले.

२०२३मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना आली, १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं उद्दिष्ट ठेवून. यंत्र हातात येईल, शिक्षणही मिळेल. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना "आत्ता नको" म्हणायची हिंमत आपली आपणच कमवायची. त्या दिवशी ती मला एका पोरीनं शिकवली.