विहिरीची मोटर आणि रस्त्यावरची गाडी

खानदेशात 'एच.पी.' हा शब्द घरोघरी पोचला तो विहिरीच्या मोटरीमुळे. रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरी मोटर घ्यायला जळगावला आला, की दुकानदार आधी विचारतो : विहीर किती खोल, पाइप किती लांब, बाग किती एकर? त्यावरून तीनची की पाचची ते ठरते. पाचची गरज असताना वीसची मागणाऱ्याकडे दुकानदारही जरा निरखून पाहील. गाडीच्या दुकानात मात्र हा हिशेब कोणी मांडत नाही. तिथे जास्त ती चांगली; मग जायचे एरंडोलपर्यंत का असेना!

एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोचे वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतके काम. घोड्याशी तुलना रूढ केली जेम्स वॅटने, वाफेचे यंत्र गिऱ्हाइकाच्या गळी उतरवण्यासाठी. आपली धडधाकट बैलजोडीही साधारण तेवढेच काम करते.

मग रस्त्यावर किती लागते? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चार माणसे धरून ९०० किलो भरणारी छोटी मोटार सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने चालायला चाकांशी जेमतेम ५ अश्वशक्ती पुरतात. ताशी ८० ला ९, शंभरला १५ आणि १२० ला २४ च्या आसपास. वेग दुप्पट केला, तर नुसता वारा कापायलाच आठपट शक्ती जाते. बाकीचे घोडे कशासाठी? चढासाठी आणि ओव्हरटेकसाठी. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना हीच मोटार शंभरात सहाच्या चढावर ताशी ५० ने न्यायची, तर १३-१४ लागतात. एसी त्याहून वेगळा.

मारुती ८०० चे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्तीचे. १९८३ पासून २०१४ पर्यंत ती बनत होती आणि तेवढ्यावर कित्येक कुटुंबांची लग्ने, बारशी, सप्तशृंगीच्या वाऱ्या पार पडल्या. घाटात एसी बंद करावा लागे, हे कबूल. कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे टाकताना पाचजण भरलेली गाडी रेंगाळली, की समोरून येणारा ट्रक बघून पोटात गोळा येई. शक्ती कमी असणेही धोक्याचेच. म्हणून मोटारीला ६० ते ९० आणि मोटरसायकलला १० ते २० हे माझे माप. त्यापुढची हौस, हौसेला मोल नसते, पण तिला गरज म्हणू नये.

हे सगळे निघाले ते भाच्यामुळे. वय १९, कॉलेज जळगावात, घर धुळ्याला. मित्राकडे केटीएम ड्यूक ३९० आहे. २०१३ साली ती आपल्याकडे आली, तेव्हाच तिची शक्ती सुमारे ४३ होती. म्हणजे कुटुंब वाहणाऱ्या मारुतीहून जास्त, आणि तीही स्वारासह सव्वादोनशे किलोच्या आसपास वजनावर. मोटरसायकलवर दोघांना ताशी ५० ने जायला दोन-अडीच अश्वशक्ती पुरतात. उरलेल्या चाळीसचे काय करायचे, हे एकोणीस वर्षांच्या मनगटावर सोडायचे!

"मामा, ब्रेकही तेवढेच भारी आहेत," तो म्हणाला. खरे आहे. पण ब्रेक कितीही भारी असले, तरी ताशी ६० ला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत ३५-४० मीटर जातात आणि १२० ला शंभराच्या वर. पारोळ्याच्या आसपास रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली दिसते, तेव्हा एवढे अंतर उरलेले नसते. रस्ता रुंद झाला, म्हणून उलट्या बाजूने येणारी बैलगाडी थोडीच थांबली आहे?

कायद्याला हे घोडे मोजता येत नाहीत. अठरा पूर्ण झाली, की गिअरच्या दुचाकीचे लायसन्स मिळते; ८ अश्वशक्तीला तेच, ४३ लाही तेच. युरोपात पायऱ्या आहेत : पहिल्या पायरीवर ११ किलोवॅट, म्हणजे १५ अश्वशक्तीची मर्यादा, पुढच्या पायरीवर ३५ किलोवॅट. आपल्याकडे ही पायरी घरच्यांनीच बांधायची.

भाच्याने दोन गाड्यांची कोटेशने आणली आहेत, एक सोळाची, एक त्रेचाळीसची. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही बहिणीची लागणार आहे. तिने कागद देवघरात ठेवले आहेत आणि मला धुळ्याला बोलावले आहे.