लाटेचा पट काढणारं कालव

पोरांनो, गगनबावड्याच्या डोंगरधारेवर पाऊस पडला की त्याला दोन वाटा फुटतात. पूर्वेकडचं पाणी पंचगंगेतून कृष्णेला आणि पुढं बंगालच्या उपसागराला जातं. पश्चिमेकडचं कडा उतरून वाघोटनच्या खाडीत शिरतं आणि विजयदुर्गाशी अरबी समुद्राला मिळतं. असं गोडं पाणी जिथं खाऱ्यात मिसळतं, तिथं आजच्या गोष्टीतला जीव राहतो. त्याचं नाव कालव.

ओहोटीला खाडीकाठचे खडक उघडे पडले की त्यांच्यावर करड्या, खरखरीत कपच्या दिसतात. अनवाणी पाय पडला तर रक्त काढतील इतक्या त्यांच्या कडा धारदार. एकेक कपची म्हणजे दोन शिंपांचं घर. भरतीचं पाणी वर चढलं की शिंपा किंचित उघडतात. आतला जीव पाणी आत ओढतो, त्यातले बारीक कण गाळून खातो आणि नितळ पाणी बाहेर सोडतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं एक मोठं कालव, पाणी मानवलं तर, दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळतं.

आता खरी गंमत ऐका. कालवाचं पिल्लू आधी चक्क पोहतं! दोन-तीन आठवडे असं भटकल्यावर त्याला डोळ्याचा एक ठिपका आणि इवलासा पाय फुटतो. तेव्हा ते मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं असतं. तळाशी उतरून पायानं चाचपत ते जागा शोधतं. चिखलात बसलं तर गुदमरून मरेल. त्याला कठीण जागा हवी, आणि सगळ्यांत आवडती जागा म्हणजे जुन्या कालवाची शिंप. ती सापडली की पिल्लू चिकट रस सोडून तिथं बसतं, ते जन्मभरासाठी. पुढं त्याच्या पाठीवर नवी पिल्लं बसतात, त्यांच्यावर आणखी नवी. आजा-पणजांच्या शिंपांवर नातवंडं बसत बसत पाण्यात एक जिवंत बांध उभा राहतो.

हा बांध लाटेला कसा अडवतो? खासबागेच्या आखाड्यात कुस्ती बघता ना? पट काढला की केवढाही गडी आपल्याच वजनानं खाली येतो. लाटेचंही तसंच. तिचा पायथा बांधाच्या खडबडीत पाठीला अडतो, माथा मात्र पुढं झेपावतो आणि लाट तिथंच कोसळते. किनाऱ्यापर्यंत पोचताना माती ओढून न्यायचा जोर तिच्यात उरत नाही. उलट तिच्याबरोबरचा गाळ बांधामागं खाली बसतो.

दगडी भिंतीचं तसं नाही. तिच्यावर लाट आपटून मागं फिरते आणि भिंतीच्या पायाखालची वाळू उकरते. पण कालवांचा बांधही सगळीकडं चालत नाही. मालवणजवळच्या देवबागला एका अंगानं समुद्र आणि दुसऱ्या अंगानं कर्ली नदी. धुपीचं भय तिथल्या माणसांना कायमचं. उघड्या समुद्राच्या सरकत्या वाळूत कालवं गाडली जातात, म्हणून ती तिथली रखवाली करू शकत नाहीत. खाडीच्या निवांत काठावर मात्र ती हे काम चोख करतात.

आपल्या पंचगंगेचं पाणी ज्या बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं, त्याच्याच काठी बांगलादेशात कुतुबदिया नावाचं बेट आहे. पावसाळा आपल्यासारखाच धुवांधार, आणि किनारा सतत ढासळणारा. शास्त्रज्ञांनी तिथल्या चिखलात सिमेंटची गोल कडी मांडली. त्यांच्यावर आपल्या कोकणातल्या खडकांवर असतं त्याच जातीचं खडपी कालव आपसूक येऊन बसलं आणि वाढलं. बांधामागं गाळ टिकला आणि काठावरचं खारं गवत समुद्राच्या दिशेनं पुढं सरकलं. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्राची पातळी वाढते आहे. सिमेंटची भिंत आहे तेवढीच राहते. कालवांचा बांध निरोगी असेल तर पाण्याबरोबर उंच होत जातो.

म्हणून शिंपांची किंमत ओळखा. न्यूयॉर्कमध्ये 2014 पासून एक मोहीम चालू आहे. हॉटेलांत खाल्लेल्या कालवांच्या शिंपा गोळा करतात, बरेच महिने उन्हापावसात ठेवून स्वच्छ होऊ देतात, त्यांच्यावर पिल्लं बसवतात आणि त्या पुन्हा खाडीत सोडतात. सिंधुदुर्गातल्या खाड्यांत बचत गटांच्या बायका कालवं वाढवतात. तिथंही जाणत्यांच्या सल्ल्यानं हे करता येईल. कोकणात गेलात तर कालवं आवडीनं खा, पण एवढं ध्यानात ठेवा: आतलं मांस आपलं, शिंप मात्र पुढच्या पिल्लाची. ती खाडीला परत मिळायलाच हवी.