रेडिओतील खरखर

गिरगावातील एखाद्या चाळीत सायंकाळी आकाशवाणीवर बातम्या लागाव्यात, वडील मंडळींनी कान टवकारावेत, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या खोलीत मिक्सर सुरू व्हावा! लागलीच रेडिओतून कर्कश खरखर येऊ लागते व निवेदकाचे शब्द तीत बुडून जातात. वादळाची सूचना सांगितली जात असली, तर ती कोणत्या किनाऱ्यासाठी, हेही कळत नाही. भिंतीपलीकडचे यंत्र रेडिओला स्पर्शही करीत नाही. मग हा उपद्रव होतो तरी कसा?

त्याचे मूळ ठिणगीत आहे. मिक्सरच्या मोटारीत कर्बाचे दोन तुकडे फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासत असतात. वीज एका पट्टीवरून दुसरीवर जाताना तेथे बारीक ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगीतून विद्युत्‌चुंबकीय लहरी निघतात. काही हवेतून, तर काही विजेच्या तारांतून पसरतात. चाळीतील तारा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे एका बिऱ्हाडाचा गोंगाट चार बिऱ्हाडांत पोहोचतो. गंमत अशी, की हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये रेडिओलहरींचे अस्तित्व सिद्ध केले, तेही ठिणगी पाडूनच!

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा शहरात विजेच्या ट्रामगाड्या धावतच होत्या. वरच्या तारेवरून ट्रामची दांडी घसरताना उडणारी ठिणगी याच जातीची. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली, पण खरखर काही गेली नाही. आज एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर आपल्यातील वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. ठिणगी न दिसताही लहरी निघतातच.

मध्यम लहरींवर शब्द पोहोचतात ते लहरीची उंची कमीअधिक होऊन. ठिणगी त्या उंचीतच भर घालते. रेडिओला भेद कळत नाही. एफएमवर उंचीऐवजी कंपनसंख्या बदलते, म्हणून तेथे त्रास फार कमी.

उगम शोधायचा, तर बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावून खोलीत सावकाश फिरा. खरखर जेथे वाढेल, तेथील उपकरणे मोठ्या माणसांकडून एकेक बंद करवून घ्या. पुष्कळदा अपराधी शेजारी नसून आपलाच चार्जर निघतो! मिक्सरच सापडला, तर जाणता कारागीर मोटारीला लहानसे धारित्र जोडून देतो, आणि त्या लहरी बऱ्याच अंशी यंत्रातच जिरतात.