राजाच्या तोंडासमोर

भोरच्या राजवाड्यात शिरले की एक चौक ओलांडून दुसरा लागतो, आणि वाडा कसा चालत असेल ते न सांगता कळते. 1869 सालचे हे बांधकाम भोरचे संस्थानिक पंतसचिव यांचे. देवडीवर थांबणारा वेगळा, चौकापर्यंत जाणारा वेगळा आणि लाकडी खांबांच्या दरबारात पंतसचिवांसमोर उभा राहून मुजरा करणारा वेगळा. कोणाला कुठपर्यंत वाट आहे यावरून त्याचा मान ठरे. राजा मानणाऱ्या साऱ्या समाजांत हे होते. पण ज्यूंच्या धर्मग्रंथांनी या एका गोष्टीतून, राजाचे तोंड दिसण्या-न दिसण्यातून, माणसाचे देवाशी असलेले सगळे नाते उभे केले, तसे क्वचितच कोणी केले असेल.

एस्तेरच्या ग्रंथात इराणच्या बादशहाच्या दरबारातल्या 7 सरदारांची नावे येतात. त्यांची ओळख हुद्द्यावरून दिलेली नाही. ते बादशहाचे तोंड पाहणारे आणि राज्यात सर्वांत पुढे बसणारे होते, असे सांगितले आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. त्याच ग्रंथात पुढे राणी एस्तेरवर प्रसंग येतो. न बोलावता आतल्या चौकात पाऊल टाकणाऱ्याला देहान्ताची शिक्षा; बादशहाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचे. तिला 30 दिवस बोलावणे आलेले नव्हते. तरी आपल्या ज्यू लोकांचा जीव वाचवायचा म्हणून ती आतल्या चौकात जाऊन उभी राहिली. पुरीम या सणाला ज्यू हीच कथा सबंध वाचतात.

मला मात्र अबशालोमची गोष्ट जास्त हलवते. दावीद राजाचा हा मुलगा. बहिणीवर अत्याचार करणाऱ्या सावत्र भावाला त्याने ठार केले आणि तो परागंदा झाला. 3 वर्षांनी सेनापती यवाबाने रदबदली करून त्याला यरुशलेमला परत आणले. राजाने परवानगी दिली, पण अट घातली: त्याने आपल्या घरी राहावे, माझ्या दृष्टीस पडू नये. त्याच शहरात, बापाच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, अबशालोम 2 वर्षे राहिला. यवाबाला दोनदा निरोप धाडले, तो आला नाही. तेव्हा त्याने नोकरांकरवी यवाबाच्या जवाच्या उभ्या शेताला आग लावली. धावत आलेल्या यवाबाला त्याचे म्हणणे एवढेच: मला राजासमोर ने, दोषी असेन तर राजाने मला मारावे. देशोधडीपेक्षा हा अबोला त्याला असह्य झाला होता. शेवटी राजाने बोलावले, तो पालथा पडला आणि दावीदाने त्याचे चुंबन घेतले. पुढे हाच मुलगा बापावर उलटला. ग्रंथ तेही लपवत नाही.

भोर परिसराला याच्या उलट बाजूची एक कथा ठाऊक आहे. शंकराजी नारायण हे पंतसचिव घराण्याचे मूळपुरुष. राजाराम महाराज जिंजीला असताना स्वराज्याचा हा मुलूख ज्यांनी झुंजून राखला, त्यांतले ते एक. त्यांनी ताराबाईंशी निष्ठेची शपथ वाहिली होती. 1707 मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि गादीचे दोन दावेदार झाले. शाहू तर संभाजी महाराजांचे पुत्र! त्यांच्यावर शस्त्र धरवेना, आणि त्यांना रुजू व्हावे तर शपथ मोडते. या पेचात शंकराजींनी भोरजवळ आंबवडे येथे देह ठेवला. जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. तिथे त्यांची समाधी आहे. शाहू महाराजांनी मनात अढी धरली नाही. शंकराजींचा मुलगा नारो शंकर अगदी लहान होता, तरी सचिवपद त्याच्याकडेच ठेवले. अबशालोम राजाच्या भेटीसाठी जीव द्यायला तयार होता. शंकराजींना एका राजाला तोंड देता येईना आणि दुसऱ्याकडे पाठ करता येईना.

ज्यू परंपरेत खरा राजा देवच. त्यामुळे दरबाराची सारी रीत देवाकडे वळली. वर्षातून तीनदा, पेसाह, शावुओत आणि सुक्कोत या सणांना, प्रत्येक पुरुषाने यरुशलेमच्या मंदिरात देवासमोर हजर व्हावे, रिकाम्या हाताने येऊ नये, अशी आज्ञा होती. आपल्याकडचा वारकरी हे चटकन समजेल. फरक असा की तिथे गाभाऱ्यात मूर्ती नव्हती. ज्यूंचा प्रेषित मोशे यालासुद्धा देवाने सांगितले होते की माझे मुख पाहून माणूस जिवंत राहत नाही. मग हजर होऊन पाहायचे काय? तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातले पंडित म्हणतात, माणूस पाहायला येतो तसाच पाहून घ्यायलाही येतो. यावरून त्यांनी एक नियमही काढला: एका डोळ्याने आंधळा असेल त्यालाही या यात्रेतून सूट.

आणि याच तालमूदमध्ये रव शेशेत यांची गोष्ट आहे. हे पंडित पूर्ण आंधळे. राजाची स्वारी पाहायला लोक निघाले तसे तेही निघाले. वाटेत एकाने हिणवले, फुटका घडा नदीवर कशाला? पहिली तुकडी गलका करत आली. तो म्हणाला, राजा आला. शेशेत म्हणाले, नाही. दुसरी आली, तेव्हाही नाही. तिसऱ्या वेळी सगळीकडे शांतता पसरली आणि शेशेत यांनी राजाला पाहिल्यावर म्हणायचा आशीर्वाद म्हटला. राजा ज्यू नसला तरी त्याला पाहायला धावावे, हा त्या पंडितांचा दंडकच आहे.

1190 च्या सुमारास मैमोनिदेस या तत्त्वज्ञाने याच कल्पनेचा सबंध वाडा बांधला. काही लोक शहराबाहेर आहेत. काही शहरात आहेत, पण वाड्याकडे पाठ करून चालले आहेत. काहींना जायचे आहे, भिंतही दिसलेली नाही. काही भिंतीभोवती दार शोधत फिरतात, काही देवडीत, काही आतल्या चौकात. आत पोचल्यावरही राजा लगेच दिसत नाही, त्यासाठी वेगळे श्रम लागतात. भिंतीभोवती फिरणाऱ्यांत त्याने कोणाला बसवले? धर्माचे नियम तोंडपाठ असलेल्या, पण श्रद्धेच्या मुळाशी विचाराने न गेलेल्या पंडितांना. यावरून पुढे मोठी नाराजी झाली. मला हे त्याचे धाडस वाटते. स्वतः तो त्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार होता.

हे सारे आपल्यापासून फार लांबचे नाही. भोर संस्थानाची हद्द घाट उतरून आजच्या रायगड जिल्ह्यातल्या सुधागड-पालीपर्यंत होती. तिथून जवळच पेण, रोहे, अलिबाग हा बेने इस्रायल या ज्यू समाजाचा मुलूख. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे, घरात मराठी. 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथांवर चक्क मराठी कीर्तने रचली आणि केली. मराठी कीर्तनाच्या इतिहासात या मंडळींना आपण फारच थोडी जागा दिली आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व युरोपातल्या हसिदी पंथाचे गुरू श्नेऊर झाल्मान यांनी मैमोनिदेसच्या वाड्याची दारे जणू बाहेरूनच उघडली. त्यांच्या दृष्टान्तात राजा राजधानीत शिरण्याआधी शिवारात थांबतो. तिथे ना देवडी, ना चोपदार. ज्याला यायचे त्याने, अंगावरच्या मळक्या कपड्यांनिशी यावे. राजा सर्वांना हसतमुखाने भेटतो. हे दिवस म्हणजे एलूल महिना, नववर्षाच्या आधीचा, आपल्या श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येणारा. बेने इस्रायल सेफार्दी रीतीने प्रार्थना करतात आणि त्या रीतीत क्षमायाचनेच्या सलीहोत प्रार्थना एलूलभर चालतात. भोर-वेल्ह्याकडे भातखाचरे भरलेली असतात त्याच दिवसांत पुण्यात रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो या बेने इस्रायलांच्या प्रार्थनामंदिराचा एलूलही येतो.